सुरंगीचा वास पकडायचाय: कोरडा बर्फ पुरेल की लिक्विड नायट्रोजनच हवा?

रानजाई
नमस्कार मंडळी. मी वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी. वेंगुर्ल्याजवळ सुरंगीच्या फुलांच्या वासावर काम करतेय. अत्तर काढायचं नाहीये. झाडावर असलेलं जिवंत फूल हवेत काय सोडतं ते गॅस क्रोमॅटोग्राफवर (जीसी, मिश्रणातले रेणू वेगळे करून दाखवणारं यंत्र) बघायचंय.

माझी मांडणी अशी: फुलं लगडलेल्या फांदीवर भट्टीत चालणारी पॉलिएस्टरची पिशवी बांधली. आत जाणारी हवा कोळशाच्या नळीतून गाळून घेतली. पिशवीतली हवा यू आकाराच्या काचेच्या नळीतून छोट्या पंपाने ओढली, मिनिटाला १०० मिली. नळीचा आतला व्यास ४ मिमी, आत काचेचे बारीक मणी. नळी थर्मासमध्ये, कोरडा बर्फ (गोठलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंश) आणि अ‍ॅसिटोनच्या लगद्यात बुडवलेली, म्हणजे वास थंडीने आत अडकेल.

चाळिसाव्या मिनिटाला पंपाचा आवाज बदलला. बघते तर प्रवाह शून्य. नळी वर काढली तेव्हा आत खडीसाखरेसारखं पांढरं जमलं होतं. तशीच टोकं बंद करून प्रयोगशाळेत नेली, गरम पाण्यात धरून वाहक वायूने जीसीत सोडली. आलेखावर सुरुवातीला एक अवाढव्य शिखर आलं आणि मग एफआयडीची (बाहेर येणारे रेणू जाळून टिपणारा शोधक) ज्योतच विझली. पुन्हा पेटवली, पुढे जवळजवळ काहीच नाही.

हंगामाचे तीनेक आठवडे उरलेत. थंडी कमी पडतेय का? लिक्विड नायट्रोजन मिळवू का?

उकळबिंदू
ताई, थंडी कमी पडत नाहीये, पाणी जास्त होतंय.

हिशोब करून बघा. मार्चमधली पहाट, किनारपट्टी, तापमान २४ च्या आसपास आणि आर्द्रता ९० टक्के धरली तर एक लिटर हवेत साधारण २० मिलिग्रॅम पाणी असतं. ४० मिनिटांत तुम्ही ४ लिटर ओढले, म्हणजे ८० मिलिग्रॅम. पिशवीत फांदी श्वास टाकतेय, ते पाणी वेगळंच. तुमच्या नळीत मण्यांमधली मोकळी जागा सेंटिमीटरला ०.०५ मिलीच्या आत-बाहेर असेल. म्हणजे पावणेदोन सेंटिमीटर लांबीचं घट्ट बूच. हिम भुसभुशीत जमतं, त्यामुळे रस्ता त्याच्या खूप आधी बंद होतो.

ज्योतीचंही तेच. एक मायक्रोलिटर पाण्याची वाफ होते तेव्हा ती मिलिलिटरभर जागा घेते. तुम्ही ८० मायक्रोलिटर सोडलंत. ज्योत विझणारच.

अशात लिक्विड नायट्रोजन आणलात तर पाणी तेवढंच अडकेल, वर हवेतला कार्बन डायऑक्साइडही गोठेल. दुखणं तसंच राहील आणि खर्च वाढेल.

खोपोलीकर
पहिलं अवाढव्य शिखर अ‍ॅसिटोनचं असणार, पैज लावतो. लगदा थर्मासमध्ये उघडा होता ना? आणि नळीचा जोड काठापासून किती वर होता?

रानजाई
@खोपोलीकर, जोड काठाच्या वर दोन बोटं. सिलिकॉनच्या नळीने जोडलेला. अरे देवा.

@उकळबिंदू, हा हिशोब मला कुणीच करून दाखवला नव्हता. वहीत उतरवून घेतला. पण मग पाणी काढायचं कसं? आमच्या विभागात मॅग्नेशियम परक्लोरेट आहे.

खोपोलीकर
सिलिकॉन आधी काढून टाका. ती नळी स्वतःच सिलोक्सेन सोडते, वर अ‍ॅसिटोनची वाफ तिच्यातून आरपार जाते. जोड टेफ्लॉनचे करा, काचेला काच भिडवून. पंप सगळ्यात शेवटी ठेवा, म्हणजे पंपाचा वास नमुन्यात येत नाही. आणि कोरी चाचणी हवीच. पिशवी रिकामी, फांदी नाही, बाकी सगळं तसंच, तेवढाच वेळ. अ‍ॅसिटोन तिथेही दिसला तर प्रश्न मिटला.

आमच्या कारखान्यात नवीन मुलाला पहिले काही दिवस मी फक्त कोरे नमुने चालवायला लावतो. कंटाळतात पोरं. पण कोरा आलेख ज्याला तोंडपाठ आहे त्याला खरं शिखर लगेच ओळखू येतं.

बारकावे
परक्लोरेटबद्दल दोन शब्द. ते पाणी छान ओढतं, पण जबर ऑक्सिडीकारक आहे. सेंद्रिय वाफ, त्यात अ‍ॅसिटोन, त्यात विद्यार्थी एकटी पहाटे बागेत. नको. शिवाय फुलांच्या वासात अल्कोहोलं असणार, ती वाळवणाऱ्या थरात अडकतात. नाफिऑनची नळी (पाण्याची वाफ भिंतीतून बाहेर सोडणारी) वापरली तरी तेच: पाण्याबरोबर अल्कोहोलं आणि कीटोनं भिंतीतून निघून जातात. पाणी काढताना वासही जातो.

आता नायट्रोजनबद्दल, आणि हे कृपया सगळ्यांनी वाचा. मी शिकत असताना एका प्रयोगशाळेत उणे १९६ च्या नायट्रोजनमध्ये बुडवलेल्या सापळ्यातून हवा ओढत होतो. पंप बंद करून मी चहाला गेलो, सापळा उघडाच राहिला. परत येऊन नळी वर उचलली तर तळाशी बोटभर द्रव होता, फिकट निळा, आभाळाच्या कडेला असतो तसा. सुंदर दिसत होता. मागून सरांनी हळू आवाजात सांगितलं, "आहे तिथेच ठेव, हात काढ, बाहेर ये." तो द्रवरूप ऑक्सिजन होता. ऑक्सिजन उणे १८३ ला द्रव होतो, म्हणजे नायट्रोजनमध्ये बुडलेली उघडी नळी हवेतला ऑक्सिजन खेचून साठवत राहते. त्यात सेंद्रिय पदार्थ असला तर स्फोट होऊ शकतो, आणि नळीची टोकं बंद केली तर नुसत्या दाबानेही फुटते. आम्ही सगळे बाहेर गेलो, तो धुराड्याखाली आपोआप उडून जाईपर्यंत दार उघडलं नाही. वीस वर्षं झाली, तो निळा रंग अजून डोळ्यांपुढे आहे.

डॉ_गोठा
मी पशुवैद्य. नायट्रोजन गावात कुठे मिळतो ते मला विचारा. कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच ठेवतात, त्यामुळे जिथे गाईम्हशी आहेत तिथे नायट्रोजन पोचलेला आहे. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला बाएफ ही शेती-पशुपालनाची संस्था सुरू केली, त्यानंतर महाराष्ट्रातल्या कितीतरी गोठ्यांनी हा धूर सोडणारा डबा पाहिलाय.

पण रानजाई, रेतनाच्या डब्यातून ओतून मागू नका. पातळी खाली गेली की कांड्या मरतात आणि कुणाच्या तरी गाईचा माज वाया जातो. पुरवठ्याची गाडी ठरावीक दिवशी येते, तिच्याकडून स्वतंत्र डब्यात घ्या.

आणि डबा बंद गाडीत, लिफ्टमध्ये, झोपायच्या खोलीत ठेवू नका. एक लिटर नायट्रोजनचे जवळपास ७०० लिटर वायू होतात. दहा बाय दहाच्या खोलीत दहा लिटर सांडला तर ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १६ च्या आसपास येतो. वास नाही, खोकला नाही, माणूस सरळ खाली बसतो.

मोजपट्टी
उकळबिंदू, पूर्ण सहमत नाही. पाणी हा प्रश्न आहेच, पण "थंडी कमी पडत नाही" हे कुठल्या रेणूबद्दल बोलतोय त्यावर ठरतं. माझं काम शहरातल्या हवेतल्या बेंझिनवर. बेंझिन ८० अंशांना उकळतं, म्हणून उणे ७८ ला ते अडकणारच असं वाटतं. अडकत नाही! हवेत ते एक अब्जांश असेल तर त्याचा आंशिक दाब इतका सूक्ष्म असतो की उणे ७८ ला घन बेंझिनचा बाष्पदाब त्याच्या हजारो पट भरतो. साध्या काचेच्या नळीतून ते सरळ पुढे निघून जातं. म्हणून आम्ही उणे १५० च्या खाली जातो, किंवा शोषक वापरतो.

उकळबिंदू
मोजपट्टी, मुद्दा मान्य. मी ताईंच्या फुलाबद्दल बोलत होतो आणि ते स्पष्ट लिहायला हवं होतं. दाट वासाच्या फुलांत सापडणारी नेहमीची मंडळी बघा: लिनालूल १९८ ला उकळतं, मोगऱ्यातलं बेंझाइल अ‍ॅसिटेट २१२ ला, इंडोल २५० च्या वर. यांना कोरडा बर्फसुद्धा जास्तच होतो. आयसोप्रीनसारखं ३४ अंशांना उकळणारं काही शोधायचं असेल तर मात्र तुमचं म्हणणं शंभर टक्के लागू.

ताई, सुरंगीचं काय निघेल ते मला माहीत नाही, तेच तर तुम्ही शोधताय. पण नाकाला जो गोड, जड वास येतो तो बहुतेक जड रेणूंचाच.

वेंगुर्ल्याची_माई
गो बाय, माका तुझा ता जीसी-बीसी काय कळणा नाय. पण सुरंगीचा सांगतंय. आमच्याकडे कळे पहाटेच काढतत, ऊन वर येवच्या आधी. कळो उमाललो की मग गजऱ्याक उपयोग नाय. वळेसार कळ्यांचोच करतत, आणि तो डोक्यात माळल्यावर हळूहळू उमालता, तेव्हा घमघमाट सुटता. तू पिशवी कधी बांधतंस? कळ्यावर की फुलल्यावर?

रानजाई
माई, हा प्रश्न माझ्या मार्गदर्शकांनीही विचारला नव्हता. मी साडेसहाला बांधत होते. तेव्हा अर्धे कळे, अर्धी फुलं. म्हणजे मी दोन वेगळे वास एकाच नळीत कोंबत होते.

शब्दवेल्हाळ
जरा विषयांतर. 'कोल्ड ट्रॅप'ला मराठीत काय म्हणायचं? 'शीतसापळा' ऐकलाय, पण सापळा म्हटलं की उंदीर आठवतो. 'गारपाश' कसा वाटतो?

खोपोलीकर
आमच्याकडे सगळे 'ट्रॅप' म्हणतात. "ट्रॅप भरला, ट्रॅप चोकअप झाला." मुलांना तेच कळतं.

वेंगुर्ल्याची_माई
सापळोच बरो. उंदीर काय आणि वास काय, येता आपल्या मर्जीन, जाता आपल्या मर्जीन. धरूक सापळोच लागता.

शब्दवेल्हाळ
माई, तुमच्यापुढे हात जोडले. सापळाच.

टोरांटोचा_तात्या
इथे कॅनडात मी पाण्याच्या नमुन्यांवर काम करतो. आमच्या शेजारच्या वॉटर्लू विद्यापीठात यानुश पावलिशिन यांनी १९९० च्या सुमारास एसपीएमई काढली: सुईत दडवलेला लेप लावलेला तंतू. फुलाजवळ अर्धा तास धरायचा, मागे ओढायचा, थेट जीसीच्या तोंडात खुपसायचा. पंप नाही, बर्फ नाही, पाण्याचं बूच नाही. रानजाई, तुमच्या विभागात तो असेल तर आजच सुरू करा.

मोजपट्टी
तात्या, ओळख पटवायला तंतू उत्तम. पण किती सोडलं ते विचारलं की अडचण येते. तंतू प्रत्येक रेणूला वेगळ्या आवडीने धरतो आणि गर्दी झाली की जड रेणू हलक्याला हाकलून लावतात. पिशवीतून मोजून हवा ओढली तर तासाला फुलामागे किती, असं म्हणता येतं.

टोरांटोचा_तात्या
बरोबर आहे. पण हातात तीन आठवडे असलेल्या मुलीने आधी काय आहे ते बघावं, किती ते पुढच्या वर्षी, असं मला वाटतं.

रानजाई
तात्या, तंतू आमच्याकडे नाही आणि मागवला तर यायला महिना. टेनॅक्स (वास शोषून धरणारे दाणे) भरलेल्या नळ्या मात्र शेजारच्या रसायनशास्त्र विभागात आहेत, २०० मिलिग्रॅमच्या. थर्मल डिसॉर्बर (नळी तापवून वास थेट जीसीत सोडणारं यंत्र) नाही. वापरू का?

उकळबिंदू
वापराच! माझं पहिल्यापासून हेच सांगायचं होतं, पाण्याच्या नादात राहून गेलं.

टेनॅक्सला पाणी फारसं आवडत नाही. दमट हवा त्यातून जाते, वास मागे राहतो. अगदी हलके रेणू, साधारण सहा-सात कार्बनच्या आतले, ते धरत नाही, पण ते तुम्हाला नकोतच. म्हणजे बागेत बर्फ न्यायचीच गरज नाही. नमुना घेऊन झाला की कोरडा स्वच्छ नायट्रोजन वायू दोन-तीन मिनिटं त्याच दिशेने सोडा, उरलंसुरलं पाणी जाईल.

आता जीसीत कसं न्यायचं. द्रावकाने धुवून काढलंत, समजा ३०० मायक्रोलिटर हेक्झेन, आणि त्यातला १ मायक्रोलिटर टोचलात, तर पहाटभर धरलेल्या वासाचा तीनशेवा भाग बघाल. उष्णतेने सोडलंत तर सगळा वास एका वेळी जातो. पण उष्णतेने तो मिनिटं घेत घेत सुटतो, त्यामुळे शिखरं टेकड्यांसारखी पसरतात. इथे तुमचा बर्फ कामाला येईल, बागेत नव्हे, जीसीच्या आत.

स्तंभाच्या (जीसीतली लांब, बारीक, वेटोळी नळी) सुरुवातीचा एक वेढा खाली ओढा आणि थर्माकोलच्या पेल्यात कोरड्या बर्फाच्या लगद्यात बुडवा. टेनॅक्सची नळी २५० अंशांना तापवून हीलियमने तिचा वास स्तंभात ढकला. जे जे येईल ते त्या गार वेढ्यात एका चिमटीत जमत राहील. दहा मिनिटांनी पेला काढा, भट्टीचं दार लावा, तापमानाचा कार्यक्रम सुरू करा. सगळे एकाच रेषेवरून पळायला लागतात. स्तंभ काचेसारखा ठिसूळ असतो, वेढा ओढताना पिळू नका. आणि पेल्यात अ‍ॅसिटोनऐवजी इथेनॉल घ्या, अ‍ॅसिटोनने थर्माकोल विरघळतो. भट्टीत दोन्ही पेट घेतात, म्हणून दार लावायच्या आधी सांडलेला थेंबन्‌थेंब पुसा आणि वास जाईपर्यंत थांबा.

बारकावे
आणखी एक. टेनॅक्स स्वतः थोडं बेंझाल्डिहाइड आणि अ‍ॅसिटोफिनोन सोडतं, हवेत ओझोन असला तर जास्तच. फुलातही बेंझाल्डिहाइड असू शकतं. म्हणून कोरी नळी हवी, आणि फुलं नसलेल्या, नुसत्या पानांच्या फांदीचीही एक हवी. सुरंगीचं फूल थेट लाकडाला चिकटून येतं, तेव्हा पानांचा वास वेगळा काढता येईल. पिशवी बांधताना पानं चुरगळू नका. चुरगळलेलं पान कापलेल्या गवताचा वास सोडतं, आणि ती शिखरं फुलाच्या नावावर चढतात.

रानजाई
मंडळी, नऊ दिवसांनी लिहितेय.

खोपोलीकर, कोऱ्या चाचणीत तेच अवाढव्य शिखर, त्याच जागी. अ‍ॅसिटोनची बाटली शेजारी ठेवून पडताळलं, दोन्ही एकाच मिनिटाला आले. माझं पहिलं सगळं काम थर्मासच्या काठावरून आत गेलेलं होतं.

मग सगळं टेनॅक्सवर नेलं. माईंच्या सांगण्यावरून दोन वेळा ठेवल्या: पहाटे ४ ते ५ फक्त कळे असलेली फांदी, आणि ७ ते ८ उमललेली. शेजारी पानांची फांदी, शेजारी रिकामी पिशवी. सगळे पंप बॅटरीवर. अंधारात झाडाखाली त्या पंपांचा घुर्र आवाज आणि वरून मधमाश्या यायच्या आधीची शांतता. एक आजी कंदील घेऊन कळे काढायला आल्या आणि अर्धा तास माझ्याबरोबर बसल्या.

थर्माकोलचा पेला पहिल्या दिवशी फुटला, दुसऱ्या दिवशी दुहेरी केला. शिखरं सुईसारखी आली! रिकामी पिशवी आणि पानं वजा केल्यावर उमललेल्या फांदीत १४ शिखरं उरली, कळ्यांत ९. ती नऊच्या नऊ उमललेल्यातही आहेत. पाच नवीन.

मोजपट्टी
वा! सुंदर. आता अल्केनांची (कार्बनच्या साध्या सरळ साखळ्यांची) मालिका त्याच तापमानकार्यक्रमावर चालवा, म्हणजे प्रत्येक शिखराचा धारण-निर्देशांक, म्हणजे ते कोणत्या अल्केनांच्या मध्ये बाहेर पडतं ते सांगणारा आकडा, काढता येईल. पण नुसत्या निर्देशांकावर नाव देऊ नका. एफआयडीला ज्योतीत जळणारा कार्बन कळतो, तो कुणाचा आहे हे कळत नाही. एमएस (रेणूचं वस्तुमान मोजून ओळख पटवणारा मास स्पेक्ट्रोमीटर) असलेल्या ठिकाणी दोन-तीन नळ्या पाठवा. नळ्या पितळी टोप्यांनी बंद करून, फ्रिजमध्ये, जेवणापासून लांब.

उकळबिंदू
पाच नवीन शिखरं स्तंभावर कुठे आहेत? लवकर की उशिरा?

रानजाई
तीन उशिरा, १४ ते १७ कार्बनच्या अल्केनांमध्ये. दोन मध्ये.

उकळबिंदू
मग नायट्रोजन विसरा. कोरडा बर्फही फक्त त्या पेल्यापुरता.

वेंगुर्ल्याची_माई
बाय, त्या पाचांची नावां कळली की हय लिही. आणि ती कंदीलवाली म्हातारी कोण ता माका ठावक आसा, तिका सांगतंय. कळ्यापरीस फूल येगळा वासता, ह्या ती लहानपणापासून सांगत ईली.

रानजाई
नक्की, माई. नळ्या उद्या पाठवतेय. परवा पहाटे शेवटचा नमुना, झाडावर आता फक्त वरच्या फांदीला कळे राहिलेत. शिडी धरायला त्या आजींच्या नातवाला बोलावलंय.